कासवावरचा पहारा

खिडकी पुन्हा उघडी होती. इनुसभाईंनी ती धाडकन लावली आणि काचपेटीवर वाकले. कासव एका अंगाला कलंडून पाण्यावर तरंगत होतं. डोळे सुजून मिटलेले, नाकाशी बारीक बुडबुडे.

"सुफिया! खिडकी कुणी उघडली?"

"म्याच, अब्बा. जरा हवा..."

"हवा? का थंडीनं मरावं म्हनून?"

सून चुलीकडं वळली. तिनं अशी पाठ फिरवल्याचा त्यांना जास्तच संशय आला.

शिरूरच्या बाजारात इनुसभाईंचं मोटर रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची जळालेली मोटर आली की गिऱ्हाईक खोटं बोलतंय, असं धरूनच ते ती उघडत. घरातही स्वभाव तोच. बायको जन्नतबी माहेरी दौंडला दवाखान्यात असताना खोकून खोकून गेली, तेव्हा त्यांनी तिथल्या डॉक्टरवर चुकीच्या इंजेक्शनचा आळ घेतला होता. अजूनही दौंडचं नाव निघालं की त्यांच्या कपाळाला आठी पडे.

कासव जन्नतबीचं. मुलानं, झिशाननं, पुण्याच्या दुकानातून आणलेलं. तिचा आवाज ऐकला की ते मान वर काढी. पुढं झिशानचं लग्न झालं. नव्या सुनेनं पहिल्याच दिवशी पेटीच्या वासानं नाक मुरडलं, ते सासऱ्यानं मनात ठेवलं. म्हणून यंदाच्या हिवाळ्यात कासवानं खाणं टाकलं, तेव्हा त्यांना दुसरं कुणी सुचलंच नाही. पाण्यात काहीतरी कालवत असणार. त्यांनी दुकान बंद ठेवलं, खाट पेटीशेजारी ओढली, दारं-खिडक्या लावल्या आणि बिडीमागून बिडी ओढत दिवसभर पहारा धरला. सुनेला पाणीही बदलू देईनात.

कासव तोंड उघडून श्वास घ्यायला लागलं, तशी मात्र त्यांची धांदल उडाली. ओल्या फडक्यात गुंडाळून ते घमेल्यात ठेवलं. सुफिया न विचारताच चपला घालून निघाली आणि रिक्षात घमेलं तिनंच मांडीवर धरलं. दवाखान्यापर्यंत इनुसभाईंची नजर तिच्या हातांवरून हलली नाही.

जनावरांच्या डॉक्टरनं कासव हातात घेतलं, मग फडकं नाकाशी नेलं.

"घरात बिडी कोण ओढतं?"

"म्या. बिडीचा काय संबंध? साहेब, याला काय घातलंय का, ते बघा आधी."

"काही घातलेलं दिसत नाही. न्यूमोनिया आहे. अशा जनावरांची छाती नाजूक, त्यांना धूर सोसत नाही. पाण्यावरही बसतो तो. बंद खोलीत ठेवता का?"

"व्हय. जपायचं म्हनून."

"तेच तर वाईट. खिडकी उघडी ठेवायला हवी होती."

सुफिया भिंतीवरच्या गाईच्या चित्राकडं बघत राहिली. 'मी सांगत होते' असं ती म्हणाली नाही. ती म्हणाली असती तर इनुसभाईंना बरं वाटलं असतं.

डॉक्टर सुई भरायला लागले. इनुसभाई टेबलाजवळ सरकले.

"साहेब... शेजारी बसणाऱ्या मानसालाबी बाधतो का ह्यो धूर?"

"बाधतो की. न ओढणाऱ्यालासुद्धा."

जन्नतबीनं जन्मात कधी बिडीला हात लावला नव्हता. लग्नापासून तिची खाट त्यांच्या खाटेला लागून होती. इनुसभाई बाकावर बसले. खिशातलं बंडल बोटांना लागलं, तसा त्यांनी हात बाहेर काढला.

काचपेटी सुफियाच्या खोलीत गेली. इंजेक्शनांनी कासव वाचलं, पण पोहताना ते एका बाजूला झुकायचं, ते तसंच राहिलं.

बिडी काही सुटली नाही. इनुसभाई आता ती ओढायला रस्त्यापलीकडं जातात. परत आल्यावर चूळ भरतात, हात धुतात, सदरा बदलतात आणि सुनेच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभे राहतात.

"खाल्लं का?"

"खाल्लं, अब्बा. आत या की. बघा तरी."

"नगं. हितनं दिसतंय."

उंबऱ्यावरून त्यांना पेटीचं नुसतं झाकण दिसतं.