भाच्याचं कर्ज

शेजारच्या वसाणीकाकांच्या ताटलीत गाठियांशेजारी संभारो, कच्च्या पपईची परतलेली कोशिंबीर, वाढता वाढता उर्वीनं विचारून टाकलं,

"काका, तुमच्या घराच्या कर्जाला व्याज किती पडतं?"

काकांनी पाय टेकवून सोसायटीच्या अंगणातला झोपाळा थांबवला. राजकोटात कुणाला कमाई विचारली तर तो विषय बदलतो, पण अमुक वस्तू केवढ्याला पडली हे विचारलं की त्याचा चेहरा खुलतो.

"सात नव्वद," ते म्हणाले आणि पुन्हा झोका घेतला. "तुला किती सांगितलं?"

"आठ पस्तीस."

"दुकान चालवतेस आणि बँकेपुढे गप्प बसतेस, बेटा? घासाघीस करायची ना."

पलीकडे मेथी निवडणाऱ्या फाल्गुनीबेनना कुणी विचारलं नव्हतं. तरी त्या म्हणाल्या, "आमचं तर याच्याही खाली आहे बाई."

उर्वीला पहिल्यापासून विचारायची खोड. ती तीन बँकांच्या पायऱ्या झिजवून आली होती आणि तिन्हींचे दर आठच्या वर होते. सोसायटीत मात्र जो तो आठच्या आत. हे कोडं काही केल्या तिला सुटेना. शेवटी तिनं आपल्यापुरतं उत्तर काढलं: नोकरदारांना बँका स्वस्तात देतात आणि नकली दागिन्यांचं दुकान चालवणाऱ्या आपल्यासारख्यांना कापतात. मनातून ती चांगलीच चिडली होती.

घर मात्र हवंच होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या जागेतून तिच्या सासूबाई, रंभाबेन, उत्तरायणापासून, म्हणजे संक्रांतीपासून, खाली उतरल्या नव्हत्या. गुडघे साथ देत नव्हते आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. संध्याकाळी त्या गॅलरीत खुर्ची ओढून बसत आणि खालच्या झोपाळ्यावरच्या गप्पांत वरूनच तोंड घालत. तळमजल्यावरचे दोशी आता मुलाकडे बडोद्याला निघाले होते. उर्वीसाठी त्यांनी शनिवारपर्यंत घर राखून ठेवलं होतं. त्यानंतर दुसरं गिऱ्हाईक तयारच होतं.

"अर्धा टक्का जास्त, तोही वीस वर्षं," कौशल, तिचा नवरा, शुक्रवारी दुपारी जेवताना म्हणाला. "दोशीकाकांना नाही म्हणून कळव. दुसरं घर बघू."

"तळमजल्याचं?"

आत रंभाबेन गुडघ्याला तेल चोळत होत्या. चार वाजता दोशींना नकाराचा फोन करायचा असं ठरवून उर्वी आडवी झाली, पण तिचा डोळा लागेना.

अडीचच्या सुमाराला दार वाजलं. राजकोटात जेवण झाल्यावर चारपर्यंत कुणी कुणाचं दार वाजवत नाही. दारात वसाणीकाका होते, तीन जिने चढून धापा टाकत.

"काका, या वेळी?"

"हळू बोल. सगळे झोपलेत." ते खुर्चीच्या कडेवर टेकले. पाणी प्यायले. पेला बराच वेळ हातात फिरवत राहिले. "ती तुझी आठ पस्तीसवाली बँक... दुसऱ्या बँकेचं जुनं कर्ज आपल्याकडे घेते का गं?"

"घेतात असं म्हणाले होते. कुणाचं?"

"भाच्याचं."

उर्वी त्यांच्याकडे बघत राहिली. काकांना बहीण नव्हती. त्यांना राखीसुद्धा शेजारच्या फाल्गुनीबेनच बांधत.

"भाच्याला किती पडतं?" तिनं विचारलं.

"नऊ वीस." त्यांची नजर पेल्यात होती. "घेतलं तेव्हा कमीच होतं. मग चढत गेलं. नव्या गिऱ्हाइकाला कमी लावतात, जुन्याला कोण विचारतो? मॅनेजर दर दिवाळीला मिठाई घेऊन येतो. त्याच्यासमोर दराचं कसं काढायचं?" मग घाईघाईनं म्हणाले, "भाचा लाजाळू आहे."

परवाच गीरमधल्या तलालाची केसर आंब्याची पेटी नऊशेला आणून उर्वीनं स्वतः साऱ्या सोसायटीला सातशे सांगितले होते. आंब्याचा भाव कमी करून सांगणारी माणसं व्याजाचा खरा सांगतील, असं आपण कोणत्या भरवशावर धरलं, हे तिला कळेना. हसूही आलं आणि काकांची दयाही आली. तिनं दोन्ही आवरलं.

"सोमवारी मी सही करायला जाते आहे," ती म्हणाली. "भाच्याची माहिती घेऊन तुम्हीच चला माझ्यासोबत."

काका गेल्यावर तिनं कौशलला उठवलं आणि चार वाजायची वाट न बघता दोशींना फोन लावला. झोपमोड झाली म्हणून ते आधी कुरकुरले, मग सौदा पक्का करायला नारळ घेऊन या म्हणाले.

संध्याकाळी झोपाळ्याभोवती बातमी पोचलीच.

"शेवटी व्याज कितीवर ठरलं?" फाल्गुनीबेननी विचारलं.

सात ऐंशी म्हणणं सोपं होतं. उर्वीच्या ओठांवर आलंही होतं.

"आठ पस्तीस."

"अरेरे. फसलीस की गं."

उर्वी चप्पल घालू लागली. मागे झोपाळ्याची करकर थांबली.

"फसली नाही," वसाणीकाका म्हणाले. "मला नऊ वीस पडतं. सोमवारी जातोय मी तिच्यासोबत."

तिसऱ्या मजल्यावरून रंभाबेनचा आवाज आला.

"फाल्गुनी, तुझं किती गं?"

फाल्गुनीबेननी मेथीची जुडी उलटीपालटी केली आणि निवडलेली पानं पुन्हा निवडायला घेतली.

"सोमवारी," त्यांनी काकांना हळूच विचारलं, "किती वाजता निघणार तुम्ही?"