मैदान तपासले: होय

माझं चष्म्याचं दुकान आहे आणि रविवारी मी लहान मुलांच्या फुटबॉल सामन्यांना रेफरी असायचो. या एका वाक्यावर जेवढे विनोद होऊ शकतात तेवढे सगळे मी बावीस वर्षं ऐकलेत. 'आधी स्वतःच्या नाकावर एक चढवा' हा त्यातला सगळ्यात जुना. मी हसून सोडून द्यायचो, कारण ओरडणाऱ्यांपैकी निम्मे पुढे माझ्याकडेच नंबर काढायला यायचे.

पण त्या रविवारी जे कानांवर पडलं ते हसून सोडण्यासारखं नव्हतं. मैदानात अकरा-बारा वर्षांची पोरं, शिट्टी एका सोळा वर्षांच्या मुलीच्या हातात, आणि दोरीबाहेर उभे असलेले चांगले शिकलेसवरलेले आईबाप त्या मुलीला तोंडाला येईल ते बोलत होते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे जुनंच आहे. पण दुसऱ्याचं कार्टं रेफरी असलं की लोकांना लाजच उरत नाही. घरी जाऊन भांडी घास असं तिला ओरडून सांगणारी बाई स्वतः बालवाडीत शिकवते. मुलांना ती काय शिकवत असेल ते मी विचारलं नाही, विचारायला हवं होतं.

मुलीला आम्ही सगळे चिमणी म्हणतो. चण बारीक, आवाज त्याहून बारीक. रेफरीचा काळा शर्ट तिच्या मापात मिळेना, म्हणून तिच्या आईने, ती शिवणकाम करते, दोन्ही बाजूंनी आत घेऊन दिला होता. शिट्टी कशी धरायची इथपासून तिला सगळं मी शिकवलं. त्या दिवशी तिची परीक्षा होती. हा सामना नीट पार पडला की तिला कायमचा बिल्ला मिळणार होता. परीक्षक मी. दोरीशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर फॉर्म घेऊन बसलो होतो.

फॉर्मवरची पहिलीच ओळ अशी आहे: 'मैदान, गोलपोस्ट व जाळ्या रेफरीने तपासल्या: होय / नाही.' माझ्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला मी हेच आधी घोटून घेतो. जाळीला हात लावल्याशिवाय शिट्टी ओठाला लावायची नाही. गोलच्या मागे जायचं, जाळी खांबाला जिथे जिथे अडकवलेली असते तो एकेक आकडा ओढून बघायचा. चिमणीने जवळच्या गोलचे सगळे आकडे ओढून पाहिले. मग एका कोचने तिला हाक मारली. त्याच्या एका खेळाडूच्या कानात बाळी होती, ती काढायला मुलगा तयार नव्हता आणि कोच मुलाचीच बाजू घेऊन वाद घालत होता. बाळी निघेपर्यंत दहा मिनिटं गेली. सामन्याची वेळ टळून गेली होती. लोक घड्याळं दाखवायला लागले. ती धावत मैदानाच्या मध्यावर गेली आणि तिने शिट्टी वाजवली.

पलीकडच्या गोलकडे ती गेली नाही, आणि ते मला दिसलंही नाही. माझा चहा आला होता. मी चहाचा घोट घेत 'होय'वर खूण केली.

शेवटची चार मिनिटं उरली तेव्हा दोन-दोन अशी बरोबरी होती. पलीकडच्या गोलच्या बाजूने एका मुलाने चेंडूला जोरात लाथ मारली आणि तो जाळीत दिसला. चिमणी मागून धावत येत होती. तिने आत अडकलेला चेंडू पाहिला आणि गोल दिला. गोलकीपर म्हणजे हातमोज्यांत निम्मा हरवलेला एक पोरगा. तो धावत तिच्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, चेंडू बाहेरून आत आला."

तिने त्याला जागेवर जायला सांगितलं. रेफरीने वाद घालायचा नसतो, हेही मीच शिकवलेलं. पोरगा तरी हलेना, तेव्हा दोरीबाहेरून त्याचा बाप सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "गोल खाल्लास तो खाल्लास, वर खोटं बोलतोस? गप उभा राहा जागेवर." पोरगा गेला. उरलेली चार मिनिटं तो चेंडूकडे बघतसुद्धा नव्हता. सामना तीन-दोन असा संपला.

लोक पांगल्यावर चिमणीने मला हाक मारली. पलीकडच्या गोलच्या बाजूच्या जाळीचे खालचे दोन आकडे सुटलेले होते. तिने फटीतून आपला हात खांद्यापर्यंत आत घातला आणि तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो की खेळ पुन्हा सुरू झाला की निर्णय फिरत नाही, नियमच तसा आहे, तेव्हा झालं ते झालं. नियम खरा होता. तिने मान डोलावली. मला वाटलं, विषय संपला.

सोमवारी संध्याकाळी लीगच्या चिटणिसांनी आम्हा दोघांना ऑफिसात बोलावलं. टेबलावर चिमणीने लिहिलेला सामन्याचा अहवाल होता. त्यात तिने सरळ लिहिलं होतं, 'दुसऱ्या गोलची जाळी मी तपासली नाही. तिसरा गोल चुकीचा होता. गोलकीपरने मला खरं सांगितलं होतं.' शेजारी अहवालाचा एक कोरा फॉर्म आणि पेन तयार ठेवलेलं होतं.

चिटणीस अगदी गोड बोलत होते. निकाल तर बदलत नाही, मग लिहून फायदा काय? उलट लोक आपल्यालाच फाडून खातील. शिवाय तपासणी केली नाही असं लेखी कबूल केलं, तर नियमाप्रमाणे वर्षभर तिला शिट्टी मिळणार नाही. त्यापेक्षा तीन ओळी कमी लिहाव्यात आणि बिल्ला घेऊन घरी जावं. माझ्याकडे वळून ते म्हणाले, "समजवा हिला. गुरू ना तुम्ही?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेरचे ओरडतात ते अडाणीपणाने, पण हा माणूस खुर्चीत बसून, गोड हसून, एका पोरीला खोटं लिहायला शिकवत होता. मी तोंड उघडणार तोच चिमणी म्हणाली, "सर, त्याच्या बाबांनी त्याला सगळ्यांसमोर खोटारडा म्हटलं. मी लिहिलं नाही, तर तो खोटारडाच राहील."

चिटणिसांचं हसू गेलं. त्यांनी फाइलमधून माझा फॉर्म काढला आणि तिच्या अहवालाशेजारी ठेवला. 'होय'वरची खूण आणि खाली माझी सही. ते म्हणाले, परीक्षक सांगतात तपासणी झाली, ही सांगते झाली नाही. दोघांतलं एक कुणीतरी खोटं लिहितंय, आणि समिती बावीस वर्षं शिट्टी वाजवणाऱ्या माणसावर विश्वास ठेवेल की सोळा वर्षांच्या पोरीवर, ते सांगायची गरज नाही.

एवढा वेळ चढवून ठेवलेला राग घेऊन मी कुठे जाणार होतो? बालवाडीची बाई, तो बाप, हा चिटणीस, सगळ्यांना मनातल्या मनात झोडपून झालं होतं, आणि खोट्या कागदावर सही फक्त माझी होती. चिमणी माझ्याकडे बघत नव्हती, हे तिचे उपकार. मी ते पेन उचललं, 'होय'वर काट मारली आणि बाजूला लिहिलं, 'पाहिले नाही. चहा पीत होतो.' खाली पुन्हा सही केली. चिटणीस म्हणाले की यात माझीही शिट्टी जाईल. मी म्हटलं, जाऊ द्या.

दोघांचीही शिट्टी गेली. तिची वर्षभरासाठी, माझी कायमची. तिच्या अहवालाची आणि माझ्या फॉर्मची प्रत दोन्ही संघांना गेली.

गुरुवारी तो बाप दुकानात आला. हातात प्रत होती. काचेच्या कपाटावर ती आपटून म्हणाला, "तुमच्या या एका खुणेपायी मी माझ्या पोराला चारचौघांत खोटारडा म्हणालो."

तुमच्या पोराचं ऐकायला तुम्हाला कुणी अडवलं होतं, हे माझ्या जिभेच्या टोकावर होतं. ते खरंही होतं. पण ते म्हणायचा अधिकार मी चहाबरोबर पिऊन बसलो होतो. चूक झाली, एवढंच मी म्हणालो. तो म्हणाला, "मला नका सांगू. त्याला सांगा."

पोरगा दाराबाहेर उभा होता. मी काउंटरमागून बाहेर आलो, त्याच्यासमोर खाली बसलो आणि सांगितलं की तू खरं बोलला होतास, चूक आमची होती, त्यातही आधी माझी. त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या ताईंची शिट्टी काढून घेतली?"

मी हो म्हणालो, एका वर्षासाठी.

"मग पुढच्या वर्षी आमच्या मॅचला त्यांनाच पाठवा," तो म्हणाला. रेफरी कुणाला पाठवायचं हे आता माझ्या हातात राहिलेलं नाही, एवढं मी त्याला सांगितलं.