गेम सरला

यशराजला गेम खेळण्यापेक्षा गेम विकत घ्यायची हौस जास्त. दिवाळीचा सेल, नाताळचा सेल, उन्हाळ्याचा सेल, कुठलाही सेल लागला की स्वारी जेवणाचं ताट उचलायच्या आधी कॉम्प्युटरपुढे. असं करत करत त्याच्या खात्यात इतके गेम साठले होते, की यादी खाली सरकवता सरकवता बोट दुखावं. त्यातले खेळला किती? एक क्रिकेटचा, एक गाड्यांचा आणि एक मारामारीचा. बाकीच्यांना हातसुद्धा लावला नव्हता.

"तुझे गेम म्हणजे आमच्या मानसीआत्याच्या साड्या," त्याची बायको समीक्षा म्हणायची. "कपाट भरलंय आणि एकीचीही घडी मोडलेली नाही."

यशराज हसायचा. घेतल्यावर त्याला खेळल्याचं समाधान मिळायचं, त्याला तो तरी काय करणार? गेमपुरतंच असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण बायकोला फिरायला न्यायचं राहिलं की घरात मिक्सर यायचा. मित्राच्या वास्तुशांतीला जाणं झालं नाही की तिकडे भिंतीवरचं घड्याळ जायचं. वस्तू पोचली म्हणजे आपण पोचलो, असं हा माणूस मनापासून धरून चालायचा.

त्याचे वडील मालोजी आणि आई राहीबाई पोलादपूरच्या वर डोंगरातल्या गावात राहायचे. भातकापणीच्या दिवसांत मालोजी बांधावरून घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन महाडला झालं. यशराजची नोकरी महाडच्या एमआयडीसीतली, घर बाजारात, तिसऱ्या मजल्यावर. पुरानंतर महाडात तळमजल्याचं घर घ्यायला कोण धजतंय? तिसरा मजला त्यानं मुद्दाम शोधून घेतला होता, फक्त इमारतीला लिफ्ट नव्हती. वॉकर धरलेला माणूस तिथे चढणार कसा, म्हणून मालोजींना परस्पर गावी नेलं. ओटीवर खाट टाकली, समोर टीव्ही आणून ठेवला आणि निघताना यशराज म्हणाला, "बाबा, दर शनिवारी येतो."

काही शनिवार गेलाही. मग एका शनिवारी कंपनीत काम निघालं. त्याच्या पुढच्या शनिवारी काही निघालं नव्हतं, पण निघालंय असं त्यानं फोनवर सांगितलं आणि दुपार लोळून काढली. मालोजी म्हणाले, "काम असंल तर नको येऊ. काम सोडू नये." संध्याकाळी चहा पिताना यशराजला स्वतःची लाज वाटली. लाज वाटली की काय करायचं हे त्याच्या हाताला ठाऊक होतं. त्यानं वडिलांसाठी टीव्हीवर गेम खेळायचा एक कन्सोल मागवला.

"घरात कॉम्प्युटर आहे की," समीक्षा म्हणाली. "तोच नेऊन लाव. एवढे गेम घेऊन ठेवलेत, त्यातले दहा-बारा भरून दे. नेट नसलं तरी चालतील."

"अगं, पीसी म्हणजे रोज नवं दुखणं. आज अपडेट अडकलं, उद्या आवाज गेला. बाबांना ते जमणार का? दर वेळी मलाच पळावं लागेल. कन्सोलचं तसं नाही. टीव्हीला जोडला, बटण दाबलं, झालं काम."

"म्हणजे तुला जायला नको."

यावर यशराज पार्सल कुठवर आलंय ते मोबाइलवर बघत बसला. खरं बोललेलं माणसाला लगेच कळतं, म्हणून तर राग येतो. कन्सोलही त्यानं बिनडिस्कचा घेतला होता. डिस्क ठेवा, पुसा, बदला, ही कटकट नको आणि तो स्वस्तही पडत होता. गेम थेट नेटवरून उतरवायचे. वडिलांच्या गावात फोन कसाबसा लागतो आणि नेट अजिबात चालत नाही, हे त्या क्षणी त्याच्या डोक्यातही आलं नाही. ज्या गावात तो लहानाचा मोठा झाला, त्या गावाचं बोलतोय मी.

क्रिकेटचा गेम महाडातच उतरवून त्यानं कन्सोल गावी नेला. चालू कसा करायचा, बंद कसा करायचा, नको असलेला गेम काढून कसा टाकायचा, सगळं दाखवलं. मालोजींनी रिमोट हातात घेऊन उलटासुलटा बघितला.

"ह्यात आपनच खेळायचं?"

"हो. हे बटण दाबलं की बॅट फिरते."

राहीबाई दारात उभ्या होत्या. "मांडी मोडून बसलाय नि निघाला धावा काढायला," त्या म्हणाल्या. मालोजी पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत झाले आणि लहान पोरासारखे हसले. यशराजला हायसं वाटलं. परतीच्या वाटेवर घाट उतरताना तो चक्क गाणं म्हणत होता. त्यानंतर तीन आठवडे तो गावाकडे फिरकला नाही. फोन करायचा, "खेळताय ना?" विचारायचा. "खेळतोय की," मालोजी म्हणायचे. विषय संपला.

मग एका शुक्रवारी मालोजींचाच फोन आला. "यश, गेम सरला."

"सरला म्हणजे?"

"सरला म्हंजे सरला. सगळ्या म्याची जिंकलो. आता दुसरा लागंल."

आणि तेव्हा कुठे यशराजच्या लक्षात आलं, की दुसरा गेम घालायचा तर हे धूड महाडला आणण्यावाचून गत्यंतर नाही. शनिवारी दुपारी कामावरून सुटून तो गावी गेला. राहीबाईंनी कन्सोल जुन्या लुगड्यात गुंडाळून पिशवीत घालून दिला. तिसऱ्या मजल्यावर रात्रभर गेम उतरला. रविवारी सकाळी पिशवी परत बाइकला अडकवून यशराज पुन्हा गावी. गिरणीला दळण न्यावं आणि पीठ घेऊन यावं, तसला प्रकार.

हा गेम आठवडाभरात सरला. पुढचाही सरला. दर शुक्रवारी फोन ठरलेलाच. "यश, ट्रकचा गेम सरला." "यश, त्यो शेतीचा पन सरला. त्यात चिखलच नाय, पटापट होतंय." यशराज वैतागायचा. शनिवारी जायचं, रविवारी जायचं, म्हणजे सुट्टी गेलीच. ओटीवर बसून तो मोबाइलमध्ये डोकं घालायचा, मधूनमधून घड्याळ बघायचा. राहीबाई तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढायच्या, तेव्हा म्हणायचा, "आई, लवकर कर गो, मला अंधार पडायच्या आत घाट उतरायचाय." मालोजी त्याला शेजारच्या चांगूच्या म्हशीचं सांगायचे, कोणाच्या घराला कुलूप लागलं ते सांगायचे. यशराज "हं, हं" करायचा. एवढे पैसे घालून घेतलेला कन्सोल, आणि सोय झाली कोणाची, हे त्याला राहून राहून टोचायचं.

मे महिन्याच्या शेवटी त्याला उपाय सुचला. कन्सोलला जोडायचा एक मोठा ड्राइव्ह मिळतो. उन्हाळ्याचा सेल लागलेलाच होता. ड्राइव्ह आणि तो भरेल इतके गेम त्यानं एका बैठकीत घेतले. पावसाळ्याची बेगमी करतात तशी वडिलांची वर्षभराची बेगमी. त्या शनिवारी पिशवी न्यायला गेल्यावर त्यानं ओटीवर ऐटीत जाहीर केलं, "बाबा, ही शेवटची खेप. उद्या एवढे गेम आणतो, की वर्षभर सरणार नाहीत. आता मला सारखं यायला नको, तुम्हाला वाट बघायला नको."

मालोजींनी लुगड्यात गुंडाळलेल्या कन्सोलकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरं झालं. तुझी दगदग वाचली."

रविवारी सकाळी महाडच्या घरात ड्राइव्ह भरत आला होता. वडिलांना आवडलेले जुने गेमही त्यात घालावेत म्हणून यशराजनं कन्सोलवर आजवरच्या गेमची यादी उघडली. प्रत्येक गेमखाली तो किती वेळ खेळला ते लिहिलेलं असतं. क्रिकेटच्या गेमखाली तासच तास होते. ट्रकच्या गेमखाली होतं, एका तासापेक्षा कमी. शेतीच्या गेमखालीही तेच. कुस्तीचा, गाड्यांचा, कॅरमचा, सगळ्यांखाली एकच ओळ. एक गेम तर उघडलासुद्धा नव्हता. मालोजींनी फोनवर सांगितलं होतं, की त्याच्या पार शेवटापर्यंत जाऊन आलो.

यशराजचं डोकं तापलं. "हे बघ. मी सुट्टीच्या दिवशी मरमर करतोय आणि हे खेळतच नाहीत. गेम मागवायचे आणि तसेच टाकून द्यायचे, ही काय पद्धत झाली?"

समीक्षानं स्क्रीनकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं. "बाप लेकावर गेला म्हणायचा," ती म्हणाली. पण हसली नाही. मग म्हणाली, "आईंना विचार आधी. बाबांवर ओरडू नकोस."

तो गावी पोचला तेव्हा मालोजी वॉकर धरून अंगणात चार पावलं चालत होते. यशराज मागच्या दारानं आईकडे गेला. राहीबाई फणसाचे गरे काढत बसल्या होत्या, कोपरापर्यंत तेल लावून.

"आई, बाबा गेम खेळत नाहीत?"

"पयला खेळायचा. दिस-दिस खेळायचा. आता नाय."

"मग दर शुक्रवारी सरला म्हणून फोन करतात तो?"

"शुक्करवारी पुसतो," राहीबाई गरा काढत म्हणाल्या. "ते तू दावलं न्हवतं का, गेम कसा काढायचा? तसा काढतो. मंग तुला फोन करतो."

"पण का?"

राहीबाईंचा हात थांबला. त्यांनी मान वर करून मुलाकडे पाहिलं. "का म्हंजे?" त्या म्हणाल्या आणि परत फणसात हात घातला.

यशराज तिथेच, मागच्या पायरीवर बसला. त्याला सगळे शनिवार आठवले. कुठल्याही शनिवारी त्यानं वडिलांना पाय कसा आहे हे दोनदा विचारलं नव्हतं. एकदा विचारायचा, बरा आहे म्हटलं की मोकळा. चांगूच्या म्हशीचं पुढे काय झालं, हे त्याला माहीत नव्हतं. घड्याळ मात्र त्यानं पुष्कळदा बघितलं होतं, आणि ते बघताना वडिलांनी त्याला बघितलं होतं. आपण वाईट मुलगा आहोत, असं त्याला साधं सरळ वाटलं. त्यावर काही मागवता येण्यासारखं नव्हतं.

तो ओटीवर आला. मालोजी खाटेवर टेकले होते. तोवर राहीबाईंनी हात पुसून कन्सोल लुगड्यातून काढून टीव्हीखाली ठेवला होता.

"जोड की. बघू किती आनलेस," मालोजी म्हणाले.

ड्राइव्ह यशराजच्या खिशात होता. तो म्हणाला, "नाही जमलं, बाबा. ड्राइव्ह खराब निघाला. पुढच्या शनिवारी परत न्यावं लागेल."

खोटं बोलण्यात त्याचा हातखंडा होता, कंपनीच्या कामाची सबब तो बसल्या जागी काढायचा. आज मात्र बोलताना त्याची नजर वर उठली नव्हती. मालोजींनी त्याच्याकडे बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं, आणि त्यांना कळलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. घरातला मोठा माणूस चोरी करताना सापडावा तसे ते ओशाळले. हे यशराजला बघवेना. चूक आपली आणि लाज ह्यांना.

"आनलाय ना? जोड तो," मालोजी हळू म्हणाले. "पैसं घातलेस. वाया नको जाया."

त्यानं ड्राइव्ह जोडला. स्क्रीनवर गेमच्या चित्रांची रांग लागली, टोकच दिसेना. मालोजींनी मान डोलावली. "लय आनलेस," म्हणाले.

"बाबा, चला, आपण दोघं खेळू. क्रिकेट. दुसरा रिमोट कुठाय?"

"एकच हाय."

"एकच?"

"खोक्यात एकच आला व्हता."

यशराज उभाच राहिला. ड्राइव्ह आला होता, गेम आले होते, कन्सोलवर धूळ बसू नये म्हणून कव्हरसुद्धा आलं होतं. इतक्या महिन्यांत आपण वडिलांच्या शेजारी बसून खेळू, हे मात्र त्याच्या मनालाच शिवलं नव्हतं.

मालोजींनी आपला रिमोट त्याच्या हातात दिला. "तू खेळ. मी बघतो. मला काय, बघायला पन आवडतंय."

तो वडिलांना चिकटून खाटेवर बसला. खेळला नाही. पाय कसा आहे ते विचारलं, आणि बरा आहे म्हटल्यावर परत विचारलं. मालोजींनी रात्री खुबा ठणकतो ते सांगितलं. ऊन उतरलं, राहीबाईंनी गरे आणून ठेवले, घाट अंधारात उतरावा लागणार हे दिसत होतं, तरी यशराज बसून राहिला. शेवटी निघताना तो उंबऱ्यात थांबला.

"बाबा, शनिवारी येतो."

मालोजींनी टीव्हीवरच्या त्या लांबलचक रांगेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आता कशाला येशील?" त्यांनी विचारलं.

टोमणा मारला असता तर यशराजला सोसला असता. पण ते खरंच विचारत होते.