साळूबाईचा दुसरा डोळा

बेलापुरात लग्न निघालं की मंगळसूत्र गाठवून घ्यायला बायका साळूबाईकडे यायच्या. तिला लहानपणापासून लांबचं दिसत नसे. जाड काचांचा चष्मा कायम नाकावर. पण कामाला बसली की ती चष्मा काढून ठेवी आणि दोरा पार नाकाजवळ धरी. मग मोहरीएवढा काळा मणीसुद्धा तिला भोकासकट लख्ख दिसे. चाळीस वर्षं तिनं असंच काम केलं.

मोतीबिंदूनं दोन वर्षांत सगळं धुरकट केलं. घेतलेलं काम परत द्यायची वेळ आली, तेव्हा मुलगा भागवत तिला श्रीरामपूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेला. "मोतीबिंदूबी जाईल आन् चष्म्याचा नंबरबी," तो म्हणाला. मशीनवर डोळे मोजून झाले. मग डोळ्यांत थेंब घालून तिला बाहेर बाकावर बसवलं आणि भागवत आत केबिनमध्ये बोलायला गेला.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, तर समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर तिनं बिनचष्म्याचं वाचलं. घरी आल्यावर रस्त्यापलीकडच्या लिंबावरचा कावळा दिसला म्हणून ती लहान पोरीसारखी हसली.

थेंब संपले, महिना उलटला. शेजारच्या कडूबाईच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. साळूबाई हौसेनं मणी घेऊन बसली. दोरा नाकाजवळ नेला तर नुसता काळा डाग. आणखी जवळ नेला, आणखी पुसट. लांब धरला तरी तेच. डावा डोळा तर मोतीबिंदूनं भरलेलाच होता. ताटली कलंडली, मणी घरभर झाले, आणि ते वेचायलाही तिला कडूबाईला हाक मारावी लागली.

"बिघडलं ऑपरेशन," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भागवत तिला पुन्हा दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरबाईंनी डोळा नीट तपासला. "छान झालंय की, मावशी. काही बिघडलेलं नाही."

"मग माझं जवळचं कुठं गेलं?"

"आत लांबचं दिसणारं भिंग बसवलंय. जवळचं बघायला आता चष्मा लागेल, आणि त्यानंही पूर्वीसारखं नाकाजवळचं दिसणार नाही. तुमच्या जुन्या नंबरामुळेच तुम्हाला नाकाजवळचं दिसायचं. तो नंबरच गेला ना."

"आन् लांबचं पायजे, हे कोनी ठरवलं?"

डॉक्टरबाईंनी फाईल मागवली. पेशंटशी बोलून फॉर्म भरणाऱ्या पंकजानं ती उघडली आणि वाचू लागली. "काम : काही नाही, घरीच असतात. वाचन : नाही. बारीक काम : नाही. लांबचं स्पष्ट हवं." ती अडखळली. "खाली मुलाची सही आहे."

साळूबाईनं भागवतकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून उभा होता.

"काही न्हाई?" ती म्हणाली. "तुझ्या बायकूच्या गळ्यात हाय ते कोनी गाठवलं रं? निम्म्या गावाच्या बायकांच्या गळ्यात माझ्या हाताच्या गाठी हायती, आन् तू लिवतो काही न्हाई?"

"आई, मला वाटलं आता तू थकली. आराम करशील..."

"तुला वाटलं! डोळा कोनाचा?"

दारातले पेशंट आत डोकावू लागले. भागवत "हळू बोल" म्हणाला, तशी ती उठून उभीच राहिली. "का हळू बोलू? आन् तुमी, डाक्टरबाई? मी भायेर बाकावरच हुते. डोळ्यांत औषध घातलं हुतं तुमी माझ्या, कानांत न्हाई. एक हाक मारायला काय झालं हुतं?"

डॉक्टरबाईंनी पंकजाच्या हातातली फाईल घेऊन ती सही पाहिली. मग म्हणाल्या, "तुम्हालाच विचारायला हवं होतं. चूक आमची आहे."

"ते भिंग काढून दुसरं घाला."

"घालता येतं, पण त्यात डोळ्याला धोका आहे. मी तरी तसं सुचवणार नाही. डावा डोळा अजून बाकी आहे. त्याचं आपण नीट ठरवू."

भागवत पुढं सरकला. "मॅडम, त्यापेक्षा असं करा..."

"तू भायेर बस," साळूबाई म्हणाली. तो गेला.

डॉक्टरबाईंनी तिला दोरा धरून दाखवायला सांगितलं आणि नाकापासूनचं अंतर टेपनं मोजलं. "इतक्या जवळचं मी देऊ शकत नाही. दोन डोळ्यांत फार फरक पडला तर चक्कर येईल. दोन वितींवर स्पष्ट दिसेल असं भिंग घालते. पण त्या डोळ्यानं लांबचं पुसट राहील. पायऱ्या उतरताना पाऊल चुकेल. काहींना ह्याची सवय होतच नाही. पुन्हा पहिल्यासारखं दिसेल, असं मी म्हणणार नाही."

साळूबाईनं दोन वितींवर हात धरून पाहिला. "चालंल," ती म्हणाली. "लिव गं पोरी. काम : मंगळसूत्र गाठवनं. चाळीस वर्सं." पंकजानं लिहिलं, पुन्हा वाचून दाखवलं, आणि साळूबाईनं स्वतः सही केली.

महिन्यानं डावा डोळा झाला. मणी दिसू लागले, पण पूर्वीसारखे मोठे नव्हेत. हात लांब धरून काम करायची सवय नव्हती, खांदे भरून येत. पूर्वी एका बैठकीत होणाऱ्या कामाला आता दोन दिवस लागत. ओट्याच्या पायरीवर ती दोनदा धडपडली. कडूबाईच्या लेकीचं मंगळसूत्र मात्र तिनं हळदीच्या आदल्या दिवशी पुरं केलं.

त्या दुपारी भागवत तिच्याजवळ येऊन बसला. दवाखान्यातून आल्यापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

"चुकलं माझं, आई," तो म्हणाला. "अजून राग हाय का?"

"हाय," ती म्हणाली. हातातली गाठ तिनं ओढून घट्ट केली, दोरा कापला. "लई हाय. एवढ्यात जानार न्हाई तो. ऊठ, च्या टाक."

भागवत उठला. साखरेचा डबा कुठं आहे हे त्याला विचारावं लागलं.

"हुडक," साळूबाई म्हणाली.