नटावरची लाल रेघ

मास्तर माझं जुनं गिऱ्हाईक. ते दलालाला गाडीसकट माझ्या गॅरेजात घेऊन आले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही हो म्हणालात तरच घेतो."

"कंपनीतून निघाली तशीच आहे, कुणाचा हातसुद्धा लागलेला नाही," दलाल म्हणाला. असं कुणी म्हणालं की मी आधी हात लागलेली जागा शोधते.

या वेळी शोधावं लागलं नाही. टर्बोची नळी बदललेली, फिल्टर मोठा आणि प्रत्येक नटावर नेलपॉलिशची बारीक लाल रेघ. नट सैल झाला की रेघ तुटते, लगेच कळतं. ही माझ्या दादाची पद्धत. बाटली माझी ढापायचा आणि वर मलाच दरडावायचा.

आठ वर्षांपूर्वी दादा अशीच एक गाडी विकत होता, तेव्हा गिऱ्हाइकाला मी सांगून टाकलं होतं की इंजिन मूळचं नाही, ताकद वाढवून ताणलेलं आहे. दादाचा सौदा फिसकटला. "घरभेदी!" एवढंच म्हणाला आणि हातही न पुसता निघून गेला. त्यानंतर फोन नाही, चिठ्ठी नाही.

"हे काम कुणी केलंय?" मी विचारलं.

"कोण जाणे. लिलावात उचललीय," दलाल म्हणाला.

मी 'घ्या' म्हणाले असते, तर गाडी इथेच, मास्तरांकडे राहिली असती. दर सर्व्हिसिंगला दादाचं काम माझ्या हाताखालून गेलं असतं. मला ते इतकं हवं होतं की शब्द अगदी ओठांवर आला.

वेळ काढायला मी डॅशबोर्डचा कप्पा उघडला. सर्व्हिस बुकात घडी केलेला कागद होता. दादाचंच गिचमिड अक्षर. काय काय बदललं ते सगळं लिहिलेलं आणि खाली: 'घेणाऱ्याला हे सांगा. शंका असेल तर माझ्या बहिणीला दाखवा. ती खोटं बोलत नाही.' पुढे माझ्या गॅरेजचा नंबर. स्वतःचा दिला नव्हता गाढवाने.

मी नाक पुसलं आणि मास्तरांकडे वळले. "काम चोख आहे. पण इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये फेरफार करून ताकद वाढवलीय. त्याचा भार क्लचवर येतो आणि हा क्लच आता थकलाय. पोरांना शाळेत सोडायला ही गाडी नको."

दलालाचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

कागद ठेवून घ्यावासा वाटला. पण तो गाडीचा होता, पुढच्या घेणाऱ्याचा होता. मी तो परत घडी करून कप्प्यात ठेवला. मग टूलबॉक्समधून बाटली काढली. नखांना मी हल्ली काही लावत नाही, पण बाटली असते. टर्बोच्या पहिल्या नटावर, दादाच्या रेघेला लागून, मी माझी रेघ ओढली. कधीतरी त्याने हे बॉनेट पुन्हा उघडलं तर त्याला दिसेल.

"झालं का?" दलाल वैतागून म्हणाला.

"थांबा जरा," मी म्हटलं. "वाळू दे."