रावजीचा उलटा हातमोजा

मित्रांनो, हातमोजे जोडीने जन्माला येतात हे मलाही ठाऊक आहे. मी मात्र पहिल्यापासून एकटाच. माझा जोडीदार हरवला नाही की कुणी पळवला नाही. तो कधी शिवलाच गेला नाही. त्यातून मी उलटा. माझी शिवण बाहेर आणि गुळगुळीत अंग आत. सध्या कुडाळजवळच्या एका घरात, पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या चादरींच्या खाली माझा मुक्काम आहे. पावसाळ्यात मला बुरशी येते. मधली काही वर्षं घरातल्यांनी चुलीवरची गरम भांडी उतरवायला मला वापरलं, त्याचे काळे डाग अजून आहेत. अशा माझ्याकडे बघून हसू आलं तर हसा, पण माझी हकीकत ऐकून घ्या.

माझं कातडं एका मोठ्या अमेरिकन गाडीच्या मागच्या सीटचं. ती गाडी बहरीनमध्ये मोडीत निघाली आणि तिचं लाल कातडं मनामाच्या जुन्या बाजारामागे, गाड्यांच्या सीट शिवणाऱ्या एका दुकानात आलं. दुकानाचा मालक नजीब आणि कारागीर रावजी. रावजी कुडाळकडचा, १९७६ साली बहरीनला आलेला. हात असा साफ की त्याने घातलेला टाका शोधायला भिंग लागावं. गावी त्याची बायको मथुरा, म्हातारी आई आणि रंभा नावाची मुलगी होती. मथुरेने दोनदा पत्रातून 'एकदा येऊन जा' म्हणून कळवलं होतं. रावजी दर वेळी 'पुढच्या वर्षी नक्की' असं लिहायचा. बहरीनमधल्या कितीतरी माणसांची पत्रं अशीच असत.

१९७९ च्या नोव्हेंबरात तार आली. मथुरा काविळीने गेली होती. तार पोचायला तीन दिवस लागले होते.

हे सगळं माझ्या जन्माच्या आधीचं. मला कळलं ते बाळाजीच्या तोंडून. बाळाजी म्हणजे रावजीच्या खोलीतला सोबती, त्याच्याच बाजूच्या गावचा ड्रायव्हर. त्याच्या पोटात गोष्ट राहत नसे, आणि हातमोज्यासमोर बोलायला कोण कचरतो? तर तार वाचून नजीबने लगेच कपाटातून रावजीचा पासपोर्ट काढून समोर ठेवला.

"जाओ भाई. जितने दिन चाहिए, रहो."

रावजीने पासपोर्ट परत सरकवला. बाळाजीने त्याला खोलीवर गाठून समजावलं.

"रावज्या, घराक जा रे."

"आता जावन काय करू? ती थोडीच गावतली?"

"ती नाय गावतली, पण चेडू आसा मा! धा वर्साचा पोर ता."

खरं सांगायचं तर रावजीला रंभाचीच भीती वाटत होती. 'आई बोलवत होती तेव्हा का नाही आलात' असं ती विचारेल, याची.

गेला नाही, पण दहाव्या दिवशी त्याने खोलीच्या गच्चीवर भात शिजवून पिंड ठेवले. आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत असेल. पिंडाला कावळा शिवला की गेलेल्या माणसाची इच्छा पुरी झाली म्हणतात. नाही शिवला तर काहीतरी मागे राहिलंय असं समजून घरचे लोक एकेक गोष्ट करू म्हणून कबूल करत जातात. मनामात कावळे नव्हते असं नाही, पण त्या दिवशी एकही फिरकला नाही. दुपार झाली. वारा जोरात सुटला होता. रावजी हात जोडून उभा आणि बाळाजी भुकेने कासावीस. तेवढ्यात कठड्यावर धपकन एक पाखरू येऊन पडलं. एक पंख लोंबत होता. वाकडी चोच, मोठे काळे डोळे. ते पिंडाकडे बघत बसलं, पण शिवलं नाही.

"अरे, ह्यो कावळो न्हय!" बाळाजी म्हणाला.

"मथुरा ती," रावजी म्हणाला. "तिका कायतरी होया."

त्याने अंगातला सदरा पाखरावर टाकला आणि त्याला खोलीत आणलं. पाखराने त्याचा हात तीन ठिकाणी फाडला. दुसऱ्याच दिवशी त्याने मला शिवायला घेतलं. मित्रांनो, एवढ्या साफ हाताच्या माणसाने शिवूनही माझा अंगठा जरा वाकडा आहे. शिवताना त्याचे डोळे पुन्हा पुन्हा भरून येत होते, त्याला सुई दिसत नव्हती.

त्याने मला उजव्या हाताचं शिवलं. पितरांचं काही डाव्या हाताने करायचं नसतं, असा त्याचा हिशेब. मग एके दिवशी ताहिरचाचा ट्रकची सीट बदलायला दुकानात आले आणि रावजीने बरोबर आणलेल्या, खोक्यातल्या पाखराकडे बघून थबकले. ताहिरचाचा समुद्रकाठच्या हिद्द गावचे. तरुणपणी समुद्रात मोत्यांसाठी बुड्या मारलेल्या, नंतर ट्रक चालवला, आणि जन्मभर ससाणे पाळले. जुन्या बहरीनी माणसांना येतं तसं मोडकंतोडकं हिंदी ते बोलत. त्यांनी मला उचलून पाहिलं आणि पोट धरून हसले.

"यह हाथ गलत है, रावजी! चिडिया लेफ्ट हाथ पे बैठता. राइट हाथ से खाना देता."

खाऊ घालायला उजवाच हात लागणार, हे ऐकल्यावर रावजीचं समाधान झालं. दुसरा हातमोजा शिवण्याइतकं कातडं उरलं नव्हतं. त्याने मला सरळ आतून बाहेर उलटलं, आणि मी डाव्या हाताचा झालो. खरबरीत बाजू वर आल्यामुळे पाखराच्या नखांना पकडही चांगली मिळाली. ताहिरचाचांनी माझ्यावर थाप मारून "शाबाश, मजबूत" म्हटलं. एवढी शाबासकी मला पुन्हा कधी मिळाली नाही.

त्यांनी पाखराचा पंख तपासला. हाड शाबूत होतं, नुसता मार लागला होता. आमच्याकडे पोरं याच लहान जातीच्या ससाण्यावर शिकतात, असं ते म्हणाले. "और यह नर है. सर देखो, राख का रंग." रावजीने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तो 'ती'च म्हणत राहिला. मी आपला पाखरू म्हणतो.

रानातलं पाखरू माणसाळवायचं कसं, हे मी ताहिरचाचांकडून ऐकलं. त्याच्या डोळ्यांत रोखून बघायचं नाही. घाई करायची नाही. त्याच्या पायांना बांधलेल्या कातडी वाद्या बोटांत धरून गुपचूप बसायचं, आणि मग त्याला गर्दीतून फिरवायचं, म्हणजे माणसांची भीती मोडते. पहिले काही दिवस पाखरू माझ्यावरून झेप घ्यायचं आणि वाद्यांना उलटं लटकून फडफडायचं. रावजी त्याला हळूच उचलून पुन्हा माझ्यावर बसवायचा. असं दिवसातून चाळीस वेळा. दुपारच्या सुट्टीत आम्ही तिघे मनामाच्या बाजारातून फिरायचो, कापडवाल्यांच्या आणि अत्तरवाल्यांच्या दुकानांसमोरून. लोक वाट द्यायचे, कुणी सलाम करायचे. भारी घोड्यावर बसून मिरवत असल्यासारखं मला वाटायचं. आहे मी थोडा गर्विष्ठ. मोठ्या गाडीच्या सीटचं कातडं आहे ना.

पाखरू आल्यापासून बाराव्या दिवशी त्याने रावजीच्या उजव्या हातातून मांसाचा तुकडा घेतला. "खा गो, खा," असं म्हणत रावजी रडला. तार आल्यापासून तो पहिल्यांदाच मोकळा रडला होता. त्या दिवशी मला माझ्या जन्माचं सार्थक झाल्यासारखं वाटलं.

पण महिन्याभरात पाखरू खंगू लागलं. ताहिरचाचांनी त्याची छाती चाचपली आणि भडकले.

"हड्डी लगता! खाना नहीं देते?"

"देता है चाचा. सिर्फ सोमवार को नहीं देता."

"सोमवार को क्या हुआ?"

"उसका उपवास रहता है," रावजी म्हणाला. मथुरा सोमवार करायची.

ताहिरचाचांनी डोक्याला हात लावला. "रावजी, चिडिया को उपवास मफी, नहीं चलता! छोटा जानवर है, एक दिन भूखा रहा तो खलास!"

त्यानंतर सोमवार बंद झाला, पण मोठ्या नाइलाजाने.

आता मला माझी चूक कबूल करायची आहे. गावाहून निळी एअरमेल पाकिटं येत होती. पहिलं डिसेंबरात, दुसरं जानेवारीत. पाकिटावरचं अक्षर मोठं आणि खाली उतरत जाणारं, शाळेतल्या मुलाचं असतं तसं. रावजी अक्षर ओळखायचा आणि पाकीट न फोडता फळीवर ठेवायचा. दिसू नये म्हणून त्यावर मला ठेवायचा. बाळाजी दोनदा ओरडला, "अरे, चेडवान काय लिवल्यान ता तरी बघ!" रावजी म्हणायचा, बघतो. पाखराला मात्र तो तासन्तास रंभाच्या गोष्टी सांगायचा. रंभा लहानपणी कशी चालायची, तिला तांदळाची तळलेली गोड बोरं कशी आवडायची. आणि ती खरीखुरी मुलगी माझ्या पोटाखाली बंद पाकिटात पडून होती. मला ते कळत होतं. पण हातमोज्याला बोटं असतात, तोंड नसतं.

फेब्रुवारीत तिसरं पत्र आलं, आणि त्याच सुमारास पाखरू अस्वस्थ झालं. खाणं अर्धं टाकायचं आणि वाद्यांना झटके द्यायचं. ताहिरचाचा म्हणाले, हवा फिरली, आता त्याला सोडायचं. हिवाळ्यात धरलेला पक्षी वसंतात सोडून देतात; आमचे बापजादे तेच करत आले. नाही सोडलास तर उन्हाळ्यात तुझ्या त्या खोलीत तो मरेल.

रावजी आठ दिवस जेवला नाही नीट. मग एके सकाळी त्याचा चेहरा उजळला. त्याला युक्ती सुचली होती.

"बाळा, मी तिका घराक धाडतंय. रंभाक तिची गरज आसा."

पुढच्या शुक्रवारी बाळाजीने गाडी काढली, आम्ही मुहर्रकवरून हिद्दला गेलो. ताहिरचाचा किनाऱ्यावर वाट बघत होते. ओहोटी लागली होती, होड्या चिखलात बसल्या होत्या. रावजीने सूर्याकडे बघून दिशा ठरवली, पाखराचं तोंड आपल्या गावाकडे, समुद्राकडे केलं आणि वाद्या कापल्या.

"जा गो. रंभाक बघ. माज्या वांगडा रागान रवलंस तरी चलात, पण तिका बघ."

हात वर गेलेला मला जाणवला. नखं एकदा घट्ट रुतली आणि सुटली. पाखराने समुद्रावर एक गिरकी घेतली, दुसरी घेतली, उंच गेलं. आणि वळून सरळ उत्तरेला निघालं, गावाकडे पाठ करून. एकदाही थांबलं नाही.

"खंय जाता ती? गो, तकडे नाय! हकडे!" रावजी चिखलातून धावत सुटला. मी त्याच्या हातात होतो, त्याच्याबरोबर वर खाली होत होतो. घोट्यापर्यंत रुतला तेव्हाच थांबला. पाखरू दिसेनासं झालं होतं.

ताहिरचाचा मागून आले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"उसका घर उधर है, रावजी. उसको मालूम है." मग त्यांनी विचारलं, "तुम्हारा घर किधर है?"

खोलीवर परत आल्यावर रावजीने मला हातातून काढलं, फळीवरची तिन्ही पाकिटं घेतली आणि जमिनीवर बसून पहिलं फोडलं. वाचता येईना तेव्हा बाळाजीकडे दिलं. बाळाजीने मोठ्याने वाचलं, म्हणून मला पाठ आहे.

'तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार. मुली जात नाहीत म्हणत होते, पण दहाव्याला मी नदीवर गेले. कावळा शिवत नव्हता. आजीने सांगितले, पोरीला सांभाळू. नाही शिवला. मामाने सांगितले, तिला शिकवू. नाही शिवला. ऊन झाले, सगळे बसले. मग मी पुढे गेले आणि बोलले, आई, बाबा शिमग्याला येतील. लगेच शिवला. मला कोणी बोलायला सांगितले नव्हते, मीच बोलून गेले. बाबा, आता तुम्ही या. नाहीतर मी आईला खोटे बोलले असे होईल.'

दुसऱ्या पत्रात पहिलं पोचलं का असं विचारलं होतं. तिसऱ्यात एकच ओळ होती. 'शिमग्याला वीस दिवस राहिले.'

रावजीने पत्रावरची तारीख बघितली आणि बोटांवर दिवस मोजले. चार उरले होते. मथुरेचं मागणं तीन महिन्यांपूर्वीच, नदीवर, दहा वर्षांच्या पोरीने आपल्या अंगावर घेतलं होतं. पाखरात ती कधी नव्हतीच. रावजी उठला आणि चिखलाच्या पायांनीच नजीबच्या घरी गेला. नजीबने काही न विचारता पासपोर्ट दिला.

मुंबईपर्यंत विमान आणि पुढे एसटी. मी त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत होतो. आम्ही पोचलो तेव्हा गावात ढोल वाजत होते, होळी उभी राहिली होती. अंगणात रंभा होती. तिने रावजीला बघितलं. तो जागच्या जागी उभा राहिला. ती त्याच्याकडे आली नाही. वळली आणि धावत घरात गेली, आणि रिकाम्या स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला.

"आये, इले गो! बाबा इले!"

मित्रांनो, रावजी पुढे कुडाळला रिक्षांच्या सीट शिवायला लागला. रंभा त्याच्याशी नीट बोलायला लागली ती पाऊस सुरू झाल्यावर, आणि त्याने घाई केली नाही. मला अधूनमधून तेल लावून ऊन दाखवलंत तर बरं वाटेल, पण त्याचं एवढं काही नाही. तुमच्या घरी कुणाचं न फोडलेलं पत्र पडलं असेल, तर आजच फोडा. आणि कुणी तुमची वाट बघत असेल तर दुसऱ्या कुणाला धाडू नका. स्वतः जा.