कल्याणचा पत्ता

माझा दादा जबलपूरला नोकरीला आहे, असं आम्ही सगळ्या अंबरनाथला सांगितलं होतं. असं सांगून सुटका होत नाही. पगार किती, क्वार्टर मिळालं का, थंडी सोसते का, सगळं विचारतात. आमची आई, माई, न अडखळता उत्तरं द्यायची. थंडीसाठी तिनं त्याला एक स्वेटरही विणून पाठवला होता, अर्थात तोंडानंच.

दादा होता ठाण्याला, वेड्यांच्या इस्पितळात.

वेडा नव्हता तो. दारू प्यायचा. काड्यापेटीच्या कारखान्यात सुपरवायझर होता, चांगला शिकलेला. दारूबंदी आली आणि हातभट्टीची दारू कोपऱ्याकोपऱ्यावर मिळू लागली. का प्यायला लागला ते मला विचारू नका. आम्ही त्यालाही कधी धड विचारलं नाही, नुसते ओरडलो.

उपाय मात्र सगळे केले. बदलापूरच्या वैद्याची पूड माईनं ताकातून चोरून दिली, तर त्याला वांत्या झाल्या आणि त्यानं दारूऐवजी ताक सोडलं. सोनिवलीच्या देवऋषीनं दंडाला गंडा बांधला. डॉक्टरकडे जायची सोय नव्हती, कारण पिणं हाच गुन्हा. माझा भाऊ रोज गुन्हा करतो, त्याला बरा करा, असं सांगायचं कुणाला? शेवटी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याला मागच्या खोलीत कोंडला. तिसऱ्या दिवशी तो अंगावरच्या मुंग्या झटकू लागला. अंगावर एकही मुंगी नव्हती.

त्याच सकाळी जेठीबाई आली. उल्हासनगरच्या तीन नंबर कँपातून ती पापड विकायला यायची. आतला आवाज ऐकून तिनं टोपली खाली ठेवली.

"दारू बंद किया क्या एकदम?" तिनं विचारलं. माईनं पदर तोंडाला लावला. "ऐसे नहीं करने का, माई. मर जायेगा. ठाणा ले जाओ, पागलखाने. मेरा घरवाला दो साल उधर था. सिंध से आया तो किसी को पहचानता नहीं था. अभी मेरे साथ पापड बेलता है."

"पण लोक काय म्हणतील?" माई म्हणाली.

"लोग पापड खाते हैं, और क्या."

कुठल्या फाटकानं आत जायचं, कुठल्या खिडकीशी उभं राहायचं, हे तिनं मला दोनदा म्हणून दाखवायला लावलं. वर बजावलं, "डाक्टर से झूठ मत बोलना."

डॉक्टरांशी आम्ही खरंच खोटं बोललो नाही. किती पितो, कधीपासून, सगळं सांगितलं. खोटेपणा केला तो कारकुनाच्या टेबलावर. अर्ज मी भरत होते, कारण घरात माझं अक्षर चांगलं. 'नातेवाइकांचा पत्ता' या रकान्याशी आले तेव्हा अण्णा कानाशी वाकले.

"कल्याणचा लिही."

कल्याणची खोली आम्ही चार वर्षांपूर्वीच सोडली होती. पण इस्पितळाचा शिक्का मारलेलं पाकीट अंबरनाथच्या पोस्टमनच्या हाती पडलं, तर माझं लग्न जमणं कठीण. हे अण्णांना बोलावं लागलं नाही. मी लिहिलं. दादा शेजारच्या बाकावर बसून माझ्या हाताकडे बघत होता. त्याला काही कळत असेल असं मला वाटलं नाही.

पहिले दोन महिने अण्णा भेटून आले. मग माझी स्थळं सुरू झाली आणि ठाण्याला जाणं बंद झालं. "बरा झाला की ते लोक कळवतीलच," अण्णा म्हणायचे. दुपारी पोस्टमन पुढे निघून गेला की माई म्हणायची, "म्हणजे अजून बरा नाही." मीही मान डोलवायची. असे दहा महिने गेले. तिघंही शिकलेली माणसं, आणि आपण पत्ता कुठला दिलाय हे एकाच्याही डोक्यात येऊ नये! दादा पेपर मोठ्यानं वाचायचा, जाहिरातींसकट, आणि मी नको नको म्हणायची. आता पेपर घडी न मोडता पडून राहायचा. त्याचा आवाज ऐकावासा वाटून मी कधी कधी त्याच्या जागी बसून एखादी जाहिरात वाचायची. जमायचं नाही.

माझं लग्न ठरलं. श्यामकांत बदलापूरच्या शाळेत मास्तर होते, बोलायला मऊ आणि दिसायला बरे. मला आवडले. एका सकाळी माई याद्या करत होती आणि सहज म्हणाली, "कानपिळीला आपल्या मधूला उभा करू."

मधू माझा मामेभाऊ. नवऱ्या मुलाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. त्या जागी मधू! मी उठले. चपला घातल्या आणि स्टेशन गाठलं.

ठाण्याच्या कारकुनानं नाव ऐकलं, कपाटातून कागद काढले आणि माझ्यापुढे तीन पाकिटं टाकली. तिन्ही परत आलेली, प्रत्येकावर पोस्टाचा शेरा: या पत्त्यावर कोणी राहत नाही.

"आठ महिने झाले बाई, पेशंट बरा आहे. न्यायला या, न्यायला या, म्हणून लिहितोय."

पाकिटांवर कारकुनानं माझ्या अर्जावरून उतरवलेला पत्ता होता.

"त्याला विचारलं नाही का तुम्ही?"

"दोनदा विचारलं. त्यानंही हाच सांगितला."

दादाला बाहेर आणलं. वाळला होता, पण डोळे स्वच्छ होते. ते डोळे मी चार वर्षांत पाहिले नव्हते. मला बघून तो हसला आणि मग त्यानं घाईघाईनं माझा गळा पाहिला.

"कुमे, मंगळसूत्र कुठाय?"

"लग्न पुढच्या महिन्यात आहे."

"मग आत्ता कशाला आलीस?" तो रागावला. "झाल्यावर यायचं. मी म्हटलं, कुमीचं झालं की येतील."

"दादा, तू खोटा पत्ता का सांगितलास?"

"तू लिहिलेला होता ना."

मी तिथेच, त्या कारकुनासमोर, हुंदके देऊन रडले. मग टाक मागून घेतला, अर्जावरचं कल्याण खोडलं आणि ठळक अक्षरात अंबरनाथचा पत्ता लिहिला. खाली त्याला घेऊन जात असल्याबद्दल सही केली. फाटकापर्यंत आलो तर दादा थांबला.

"एक महिना राहतो गं. इथं भाजीच्या वाफ्यांचं काम आहे मला. काही अडत नाही माझं."

"आणि कान कोण पिळणार? मधू?"

त्यानं आपला उजवा हात पुढे करून पाहिला. बोटं थरथरत होती.

"हात अजून कापतो माझा, कुमे. त्या लोकांना कळेल."

"कळू दे."

"आणि लग्न मोडलं तर?"

"मोडलं तर मोडलं," मी म्हटलं. मला ते लग्न हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. मी दादाचा तो कापरा हात धरला आणि त्याला फाटकाबाहेर ओढलं.